दहावीनंतर काय? तालुक्यातल्या तीन दिव्यांग मुलांची तयारी आतापासून कशी करावी?

फिरती_शिक्षिका:
नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्यात समावेशित शिक्षणाखाली विशेष शिक्षिका म्हणून काम करते. यंदा नववी-दहावीत तीन मुलं आहेत. तिघांच्याही घरचे एकच विचारतात, "बाई, शाळा संपल्यावर ह्याचं पुढं काय?"

१) मुलगा, वय १६, नववीत. बौद्धिक अक्षमता, प्रमाणपत्रावर ६० टक्के. वाचन दुसरीच्या पातळीचं. नोटा ओळखतो, पण सुटे किती परत यायला हवेत ते कळत नाही. अंगानं सशक्त, सांगितलेलं काम मन लावून करतो. वडिलांचं पंढरपूरच्या रस्त्यावर चुरमुरे-फुटाण्यांचं छोटं दुकान आहे.

२) मुलगी, दहावीत. अल्पदृष्टी, ७५ टक्के. हुशार आहे, कला शाखा घेऊन पुढं वकिली करायची म्हणते. ज्युनिअर कॉलेज गावापासून १४ किलोमीटरवर.

३) मुलगा, दहावीत, कर्णबधिर. श्रवणयंत्र आहे पण घालत नाही. सांकेतिक भाषा जुजबी. आयटीआयला जायचं आहे.

शैक्षणिक सवलती मला माहीत आहेत. शाळा सुटल्यानंतरच्या आयुष्याची तयारी म्हणून या एक-दोन वर्षांत नेमकं काय करून घ्यायचं, कुठल्या क्रमानं, आणि कुठं फसतं, ते जाणकारांनी सांगावं.

---

कार्यशाळा_आणि_काम:
पहिल्या मुलाबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो अशाच मुलांचा.

पालकांना आणि मुलाला एकत्र बसवा आणि एकच गोष्ट कागदावर उतरवा: हा २१ वर्षांचा झाल्यावर साध्या कामाच्या दिवशी सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय करत असेल? अंघोळीचं पाणी कोण काढेल, घराबाहेर कुठं जाईल, कशानं जाईल, कुणासोबत काम करेल, पैसे कुणाच्या खिशात असतील. मुलाला काय आवडतं हे त्यालाच विचारा. शब्दांत सांगता आलं नाही तर कामांचे फोटो पुढं ठेवून निवडू द्या. मग आज तो काय करतो ते शेजारी लिहा. दोन्हींतलं अंतर हाच तुमचा अभ्यासक्रम. त्यात जे बसत नाही ते निर्धास्त सोडा. सोळाव्या वर्षी या मुलाला बाराखडी पुन्हा गिरवायला लावण्यात अर्थ नाही. एसटीची पाटी, "धोका", "बंद", "पुरुष", औषधाच्या बाटलीवरचं नाव, असे पाच-पन्नास कामाचे शब्द अख्खा शब्द पाहून ओळखता आले की पुष्कळ झालं.

काम. वडिलांचं दुकान ही मोठी सोय आहे. फुटाण्यांची पाव किलोची पाकिटं भरणं हे काम घेऊ. त्याचे तुकडे पाडा: पिशवी घ्या, तोंड उघडा, तागडीत ठेवा, फुटाणे घाला, काटा बघा, कमी-जास्त करा, पिशवी उचला, तोंड सील करा, खोक्यात ठेवा. आकड्यांचा काटा याला जड जाईल, कारण २४७ आणि २५४ यांतलं बरं-वाईट ठरवावं लागतं. साधा दोन पारड्यांचा तराजू आणि पाव किलोचं वजन द्या, पारडी समोरासमोर आली की झालं, ते डोळ्यांना दिसतं. रिकाम्या पिशवीइतकं वजन दुसऱ्या पारड्यात टाकायला विसरू नका. मोजणीसाठी दहा खणांचं खोकं करा. खोकं भरलं म्हणजे दहा झाली, आकडा म्हणता आला नाही तरी चालतं.

शिकवताना शेवटच्या पायरीपासून सुरुवात करा. आधीचं सगळं तुम्ही करून द्या, खोक्यात ठेवणं त्याचं. ते पक्कं झालं की सील करून ठेवणं. असं मागं मागं सरका. प्रत्येक वेळी काम पुरं झाल्याचं समाधान त्याच्या हाती पडतं.

प्रत्येक पायरीपुढं रोज एक खूण करा: हात धरून केलं, खुणेनं केलं, सांगून केलं की आपणहून केलं. सलग तीन दिवस "आपणहून" आलं की ती पायरी आली असं धरा. सगळ्यात जास्त घोळ तोंडी सूचनांनी होतो. "हं, आता सील कर", "आता ठेव" असं आपण म्हणत राहतो आणि मुलगा पुढच्या हाकेची वाट बघत थांबायला शिकतो. बाहेरून वाटतं याला सगळं येतं; बाई गेल्या की हात थांबतात. तोंडी सांगण्याऐवजी भिंतीवर पायऱ्यांचे फोटो लावा आणि बोटानं फोटो दाखवा. मग बोटही काढून घ्या.

वेग शेवटी. आधी चुका थांबू द्या, मग दहा पाकिटांना किती वेळ लागतो ते लिहायला लागा.

वडिलांच्या दुकानातच थांबू नका. वडिलांचं ऐकतो म्हणजे दुसऱ्या मालकाचं ऐकेल असं नाही. निदान दोन वेगळ्या ठिकाणी, दोन-दोन आठवडे, रोज दोन तास काम करू द्या. रोपवाटिका, बेकरी, झेरॉक्सचं दुकान, कापड दुकानात घड्या घालणं, जवळ जे असेल ते. तिथं कामापेक्षा या गोष्टी बघा: वेळेवर पोचतो का, चूक दाखवल्यावर रुसतो का, विचारल्याशिवाय वस्तू उचलतो का, कंटाळा आल्यावर काय करतो, आवाजाचा किंवा गर्दीचा त्रास होतो का. नोकरी सुटते ती बहुतेक वेळा याच गोष्टींवरून. पाकिटं भरता येत नाहीत म्हणून सहसा सुटत नाही. मालकाला "दया म्हणून ठेवा" असं कधी म्हणू नका. दयेनं ठेवलेला मुलगा पहिल्या मंदीत घरी बसतो. "हा तासाला इतकी पाकिटं भरतो, पहिले दहा दिवस आमचा माणूस सोबत थांबेल" असं सांगा.

पणत्या, आकाशकंदील, राख्या यांवर पूर्ण भिस्त ठेवू नका. वर्षाचे आठ महिने रिकामे जातात. काम बारमाही हवं.

पैसे. नकली नोटांवर शिकवलेला हिशेब बाजारात चालत नाही, खऱ्या नोटा घ्या. सुट्यांचा हिशेब येत नसेल तर "एक दहाची जास्त" ही पद्धत शिकवा. ३४ रुपये म्हटले की तीन दहा आणि वर एक, चार नोटा द्यायच्या आणि परत काय देतील ते खिशात ठेवायचं. बरोबर आलं का हे सुरुवातीला सोबतच्यानं तपासावं. मोबाईलवरून पैसे द्यायचे झाल्यास त्या खात्यात थोडीच रक्कम ठेवा.

शरीर आणि सुरक्षितता. हा विषय टाळू नका. कपडे बदलताना दार लावणं, कुणी कुठं हात लावला तर "नको" म्हणून तिथून निघून येणं, कुणाला सांगायचं ती दोन नावं. दुसऱ्याला न विचारता मिठी मारायची नाही, हेही तितकंच. सहाव्या वर्षी गोड वाटलेली मिठी विसाव्या वर्षी पोलिसांपर्यंत जाते, आणि तेव्हा त्याला बिचाऱ्याला कळतही नाही काय चुकलं.

---

नोंदवही:
कागदपत्रांचं मी लिहिते. वर कामाबद्दल जे लिहिलंय ते कितीही छान झालं तरी १८ वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी कागद नसतील तर घरचे अडकतात.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. तिघांचंही आहे का बघा. नुसतं जुनं कागदी प्रमाणपत्र असेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. अर्जावर रुग्णालय निवडताना तिथं त्या प्रकारच्या दिव्यांगत्वाची तपासणी कुठल्या वारी होते ते आधी विचारून घ्या, नाहीतर खेपा पडतात. नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख आधार, शाळेचा दाखला आणि यूडीआयडी यांवर अक्षर न् अक्षर एकच हवी. इंग्रजी स्पेलिंगमधला एक जास्तीचा 'ए' पुढं शिष्यवृत्ती अडवतो. दुरुस्ती आधी आधारवर, मग बाकी ठिकाणी. १५ वर्षांनंतर आधारवर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्यानं करावी लागते. ती राहिली असेल तर बँकेत ठसा जुळत नाही.

प्रमाणपत्र कायमचं आहे की मुदतीचं ते वाचा. बौद्धिक अक्षमतेचं लहानपणी दिलेलं प्रमाणपत्र १८ व्या वर्षी पुन्हा तपासून घ्यावं लागतं. तुमच्या यादीत अध्ययन अक्षमतेचं मूल नाही, पण इतरांसाठी: त्याची तपासणी आठव्या वर्षानंतर होते, पुन्हा १४ व्या आणि १८ व्या वर्षी, आणि १८ नंतरचं प्रमाणपत्र कायमचं. बारावीच्या ऐन परीक्षेच्या वर्षात हे येतं, म्हणून वाढदिवसाच्या आधीच तारीख घेऊन ठेवा.

पालकत्व. आई-वडिलांना वाटतं आपण आहोतच की. कायद्यानं मात्र १८ पूर्ण झाल्यावर मूल सज्ञान, आणि आई-वडिलांची सही त्याच्या वतीनं चालत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली कायदेशीर पालक नेमता येतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे. कोर्टात जायची गरज नाही. आई-वडील दोघं मिळून किंवा एकटे अर्ज करू शकतात, भाऊ-बहीण किंवा नातेवाईकही. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची असते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. हे दोन्ही बहुतेक जण करत नाहीत, आणि पुढं जमिनीच्या वाटणीचा वाद निघाला की तेच अंगाशी येतं.

आताच आई-वडिलांना विचारून ठेवा: आपल्यानंतर कोण? काका, बहीण, जे कोण असेल त्यांच्याशी उघड बोलणं झालेलं हवं. बहिणीला गृहीत धरलं जातं आणि तिला कुणी विचारलेलंच नसतं.

आर्थिक. निरामय आरोग्य विमा त्याच चार प्रकारांसाठी, वर्षाला एक लाखापर्यंत, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. थेरपी आणि ओपीडीचाही खर्च त्यात बसतो. दर वर्षी नूतनीकरण विसरायचं नाही. १८ पूर्ण झाल्यावर संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसीलमध्ये, दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार आहे. खात्याला आधार जोडलेलं हवं आणि हयातीचा दाखला वेळेवर. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात. तिथं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तराजू, सीलिंगचं यंत्र, पांढरी काठी यासाठी तिथं मागता येतं.

पालक सरकारी नोकरीत असतील तर वेगळी गोष्ट. स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं, पण त्याचं नाव पालक हयात असतानाच कार्यालयाच्या नोंदीत घालून घ्या. नंतर भावंडांना पुरावे गोळा करत फिरावं लागतं.

---

जाड_भिंग:
मुलीबद्दल.

लेखनिक घ्यायचा की स्वतः लिहायचं, हे अंदाजानं ठरवू नका. जुनी एक प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरात छापून, तीन तास अधिक वाढीव एक तास (तासाला २० मिनिटांप्रमाणे) असा पूर्ण वेळ लावून सोडवून घ्या. शेवटच्या तासात अक्षर फाटत असेल, ओळी चढत असतील, अनुस्वार-काना गळत असतील, डोकं दुखत असेल, तर लेखनिक घ्या. बोर्डाच्या परीक्षेला लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो आणि परवानगी मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाची, ती दिवाळीआधीच मागा. लेखनिक मिळाला म्हणजे काम झालं नाही. तोंडी उत्तर सांगणं ही वेगळी कला आहे. "नवीन परिच्छेद", "अधोरेखित कर", "मागचं वाक्य वाच" असं सांगत निदान पाच-सहा पेपर त्याच लेखनिकासोबत सोडवायला हवेत. ऐनवेळी लेखनिक आजारी पडतो, म्हणून दुसरा तयार ठेवा आणि त्याचेही कागद भरून ठेवा.

विषयातून सूट मिळते म्हणून गणित सोडायला लावू नका. आज सोपं वाटतं, पुढं एखाद्या अभ्यासक्रमाची किंवा परीक्षेची पात्रता तिथंच अडते.

अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झालेत. अर्जात दिव्यांग असल्याचा रकाना भरून प्रमाणपत्र जोडलं नाही तर समांतर आरक्षण मिळत नाही, आणि यादी लागल्यावर तो रकाना भरता येत नाही. पुढं पदवीला सरकारी आणि अनुदानित संस्थांत दिव्यांगांना किमान ५ टक्के जागा आणि वयात पाच वर्षांची सूट, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम ३२. अकरावीपासून केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, पालकांचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमासाठी राज्याची प्रवेश परीक्षा (सीईटी) संगणकावर असते. म्हणून परीक्षेची वेळ येण्याआधी संगणकाचा पडदा तिच्या सवयीचा झालेला हवा.

सवय म्हणजे काय ते नेमकं सांगतो. कीबोर्डकडे न बघता इनस्क्रिप्ट या मराठी कळरचनेवर टंकलेखन. एनव्हीडीए हे पडदा वाचणारं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि मराठी वाचतं. फोनवर तेच काम करणारं टॉकबॅक. ती आज भिंगानं वाचू शकते म्हणून घरचे म्हणतील हे कशाला? विधीच्या अभ्यासात दिवसाला शंभर पानं वाचावी लागतात, भिंगानं तेवढं होत नाही. कानानं वाचायची सवय पंधराव्या वर्षी लागली तर ती पदवीला पुढं राहते. एक खाचखळगा: पुष्कळ जुन्या मराठी पीडीएफ युनिकोडमध्ये नसतात. पडद्यावर मराठी दिसतं, पण वाचक सॉफ्टवेअर निरर्थक इंग्रजी अक्षरं बडबडतं. मुलीला वाटतं आपलंच काही चुकलं. अशी फाईल ओसीआर करून घ्यायची, म्हणजे पानाच्या चित्रावरून अक्षरं ओळखून घ्यायची. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात नाव नोंदवा, तिथं पुस्तकं वाचनीय स्वरूपात मिळतात.

आणि काठी. अल्पदृष्टीच्या मुली काठी घ्यायला तयार होत नाहीत, "दिसतंय की मला" म्हणतात. दुपारच्या उन्हात, संध्याकाळी एसटीतून उतरताना, अनोळखी जिन्यावर शेवटची पायरी चुकते. काठी जमिनीवर उभी धरली की छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत यावी, घडीची घ्या म्हणजे वर्गात दप्तरात राहते. मे महिन्यातच, कॉलेज सुरू व्हायच्या आधी, तो रस्ता, कॉलेजचे जिने, ग्रंथालय, स्वच्छतागृह आणि परतीचा थांबा पायाखाली घालून घ्या. जिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पायरीला पिवळी पट्टी मारून मागा, दोन डबे रंगाचं काम असतं. पहिल्या आठवड्यात प्राचार्यांना पत्र तिनं स्वतः लिहावं: मला काय दिसतं, काय दिसत नाही, पुढच्या बाकावर जागा, फळ्यावर लिहिताना मोठ्यानं बोलावं. हे मागणं शाळेत आजवर तुम्ही करत होतात. तिथं तुम्ही नसणार. दहावीतच तिला प्रत्येक विषयशिक्षकाकडे जाऊन बोलायला लावा.

---

फिरती_शिक्षिका:
खूप आभार. थोडं अजून. पहिल्या मुलाचे वडील त्याला एसटीनं एकटं पाठवायला अजिबात तयार नाहीत, "तो आमच्याजवळच राहणार" म्हणतात. आणि शाळेत असं चाललंय की दहावीत नापास होणारच, तर नववीनंतर दाखला देऊन टाकू. शिवाय पालकत्व १८ व्या वर्षी घ्यायलाच हवं का? कर्णबधिर मुलाबद्दलही कुणी सांगावं.

---

कार्यशाळा_आणि_काम:
दाखला देऊ देऊ नका. १६ ते १८ हीच सगळ्यात वाईट पोकळी आहे. शाळा सुटलेली, आणि प्रौढांच्या कार्यशाळा १८ नंतर घेतात. दोन वर्षं घरी बसलेलं मूल शिकलेलं हरवून बसतं, वजन वाढतं, चिडचीड वाढते. ६ ते १८ वयापर्यंत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्याच्या कलम ३१ मध्ये आहे, मुख्याध्यापकांना ते लेखी दाखवा. दहावी नेहमीच्या मार्गानं झेपत नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, पण परीक्षेसाठी कामाचा सराव बंद करू नका. या मुलाला आठवडाभर टिकणारी कामाची सवय प्रमाणपत्राइतकीच कामाला येईल.

वडिलांची भीती खरी आहे, तिला हसू नका. एकटं पाठवा असं म्हणायचंच नाही. टप्पे दाखवा. आधी शेजारी बसून प्रवास, तिकीट मात्र मुलगा काढतो. मग त्याच बसमध्ये दोन सीट मागं. मग तो बसमध्ये आणि वडील मोटरसायकलवर मागं. मग एकानं चढवून द्यायचं, दुसऱ्यानं उतरवून घ्यायचं. एका टप्प्यावर महिना गेला तरी चालेल. उतरायची खूण दुकानाची पाटी धरू नका, पाटी बदलते. पाण्याची टाकी, पूल असं काही धरा.

नेहमीचा प्रवास जमला की खरं शिकवणं सुरू होतं. मुद्दाम बस चुकवा. मुद्दाम एक थांबा पुढं जाऊ द्या, तुम्ही त्याच बसमध्ये राहा, आणि तो काय करतो ते बघा. कंडक्टरला सांगता आलं पाहिजे किंवा खिशातलं कार्ड दाखवता आलं पाहिजे. कार्डावर नाव, गाव, दोन फोन नंबर आणि "मला बोलायला वेळ लागतो, कृपया थांबा" एवढंच. फोनमध्ये आईचा फोटो दाबला की फोन लागेल असं करून ठेवा. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, आणि ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्यालाही ५० टक्के. याचं ६० आहे, म्हणजे वडिलांचं पूर्ण तिकीट पडेल, ते आधी सांगा.

पालकत्वाबद्दल "नोंदवही" ताईंच्या मताला थोडी पुस्ती. सरसकट १८ ला घ्यावंच असं मला वाटत नाही. पैसे, घर, उपचार यांतलं त्याला काय कळतं, समजावून सांगितल्यावर काय कळतं, हे आधी बघा. एकदा सगळं पालकाच्या सहीवर गेलं की त्याला विचारणंच बंद होतं.

---

नोंदवही:
मान्य, विचारणं थांबता कामा नये. पण नावावर जमीन असेल किंवा बँक खातं चालू द्यायला तयार नसेल तर अर्ज पुढं ढकलू नका, समितीच्या बैठका दर महिन्याला होतातच असं नाही. तोवर १७ व्या वर्षीच त्याच्या नावे खातं उघडा, सही येत नसेल तर अंगठ्यानं व्यवहार करायचा सराव बँकेत नेऊन द्या. आणि १८ ला मतदार यादीत नाव. तेही पालक विसरतात.

---

आयटीआय_निदेशक:
कर्णबधिर मुलाबद्दल. यंत्र घालत नाही म्हणजे हट्टी आहे असं समजू नका. वाढत्या वयात कानातला साचा सैल होतो, मग यंत्र शिट्टी मारतं आणि बोलणं कमी, किरकिर जास्त ऐकू येते. आधी साचा नवा करून घ्या आणि ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) ताजा. जिल्हा रुग्णालयात होत नसेल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे.

आयटीआयमध्ये कर्णबधिर मुलं हातकामात मागं नसतात, लेखी परीक्षेत अडकतात. कारण शब्द माहीत नसतात. आतापासून एक वही करा: एका बाजूला हत्याराचा फोटो, समोर मराठी नाव, इंग्रजी नाव देवनागरीत, आणि खूण. कानस, व्हाइस, ड्रिल, गेज, व्हर्निअर, सहिष्णुता (टॉलरन्स), असे पन्नास-साठ शब्द जूनच्या आधी झाले तर पहिलं सत्र सुटतं. "मोजा", "तुलना करा", "कारण द्या" ही प्रश्नांतली क्रियापदंही त्याच वहीत. भारतीय सांकेतिक भाषा घरच्यांनीही शिकायला हवी, निव्वळ ओठ वाचण्यावर ठेवलं तर निदेशक फळ्याकडे वळला की सगळं सुटतं.

ट्रेड निवडताना "यंत्राचा आवाज येत नाही म्हणून मशीनवर नको" असं सरसकट ऐकू नका. यंत्र चालू झाल्याचा दिवा, समोर आरसा, पाठीमागून न येता समोरून येऊन हात दाखवण्याचा नियम, एवढ्यावर बरंच सुरक्षित होतं. प्रवेशाच्या आधी त्याला दोन-तीन ट्रेडच्या कार्यशाळा अर्धा दिवस दाखवा. दहावीत एखादा विषय राहिला तर वर्ष वाया घालवू नका, काही ट्रेडना आठवी पासवरही प्रवेश आहे. पुढं शिकाऊ उमेदवारीच्या मुलाखतीला वही-पेन सोबत आणि पहिल्या पानावर स्वतःची ओळख चार ओळींत लिहिलेली असू द्या. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनीही समान संधी धोरण जाहीर करणं कायद्यानं बंधनकारक आहे. अर्ज करताना ते मागून घ्या.

---

फिरती_शिक्षिका:
वडील दुकानात पाकिटांचं काम सोमवारपासून सुरू करायला तयार झाले. सीलिंगच्या यंत्राची भीती वाटते, हात भाजेल का?

---

कार्यशाळा_आणि_काम:
हातानं दाबायचं यंत्र घ्या. त्याची पट्टी दाबल्यावरच क्षणभर तापते, सतत तापलेली राहत नाही. पिशवी जाड असेल तर उष्णतेचा खटका एक-दोन घरं वर, पातळ असेल तर खाली. जास्त झालं की प्लॅस्टिक तुटतं, कमी झालं की फुटाणे सांडतात. हे वडिलांनी लावून चिकटपट्टीनं खटका पक्का करून टाकायचा, मुलानं हात लावायचा नाही. दिवा विझेपर्यंत दाबून धरायचं, मग सोडायचं, एवढंच त्याला शिकवा. पिशवी किती आत सरकवायची ते कळावं म्हणून यंत्राच्या मागं लाकडी पट्टी ठोका, पिशवी तिला टेकली की बरोबर. फुटाण्याचा चुरा पट्टीवर बसला की सील सुटतं, म्हणून दहा पाकिटांनंतर, वायर काढून, कोरड्या फडक्यानं पुसणं ही पायरीसुद्धा फोटोंच्या रांगेत घाला.